बदक स्टेशन उत्तर देत नाही

श्यामकांत निफाडकर निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण ती बातमी त्यांच्या घशापर्यंत काही पोचली नव्हती. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या वायरलेस सेटवर बसून धरणाची पातळी ओरडून कळवलेला माणूस तो. शेजारच्या खुर्चीतल्या बायकोकडे मीठ मागायचं, तरी नदीच्या पलीकडून मागितल्यासारखं मागायचे.

त्यांची एक खोड सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होती. न्हाणीघरातून, गच्चीवरून, लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून ते हाक द्यायचे, "क्यूआरके?" वायरलेसच्या भाषेत याचा अर्थ, माझा आवाज कसा पोचतोय? उत्तर आकड्यात द्यायचं. पाच म्हणजे लख्ख, एक म्हणजे काही समजत नाही. प्रभाताई स्वयंपाकघरातून "पाच" म्हणायच्या. भांडण झालेलं असलं तर "एक". आणि फारच मोठं भांडण असलं तर काहीच म्हणायच्या नाहीत. मग श्यामकांतराव अंगाला साबण तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून बाहेर यायचे आणि बायको जिवंत आहे ना ते बघून परत आत जायचे. उत्तर न देणारं स्टेशन त्यांना सोसत नसे.

त्यालाही कारण होतं. त्यांच्या कामात नियमच होता तसा. दर तासाला मुख्य स्टेशनने प्रत्येक धरणाला हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नाही आलं तर वाट बघायची नाही, माणूस पाठवायचा. एकदा पोळ्याच्या दिवशी भर दुपारी खालच्या स्टेशनने तीन हाकांना उत्तर दिलं नाही, तर श्यामकांतरावांनी अकरा किलोमीटर जीप पिटाळली. तिथला ऑपरेटर पुरणपोळ्या हाणून टेबलावर डोकं ठेवून घोरत होता. साहेबांनी मेमो काढला: सरकारी डिझेलचा अपव्यय, खुलासा करावा. यांनी खुलासा केला तो तीन वाक्यांचा. "स्टेशनने तीन हाकांना उत्तर दिले नाही. सबब माणूस पाठवला. पुढील वेळीही पाठवीन." तो मेमो त्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय. आता सांगा, अशा माणसापुढे कोण काय बोलणार!

तर असे हे श्यामकांतराव दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये प्रभाताईंसह जर्मनीत, गेर्लिंगेनला आले. मुलगा हृषिकेश तिथल्या एका मोठ्या कंपनीत ब्रेकच्या सेन्सरवर काम करायचा, सून स्वरूपा श्टुटगार्टला एका लॅबमध्ये. सकाळी साडेसातला दोघं घराबाहेर पडली की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या चकाचक घरात उरायची दोन जुनी माणसं आणि एक भिंतीवरचं घड्याळ, ज्याला टिकटिक करायचीही परवानगी नव्हती.

प्रभाताईंचं बरं चाललं होतं. त्यांना भाषेवाचून कधी काही अडलं नाही. दारावर "या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची" अशी जर्मन पाटी लटकली, तर त्यांनी जिना असा झाडला की खालच्या मजल्यावरची म्हातारी दोन्ही हात जोडून आली. रोज सकाळी फिरायला जायच्या, उरलेल्या पोळ्या पिशवीत घेऊन जायच्या आणि आल्यावर "वाटेतल्या एका बागेत बदकं आहेत हो, पोळी काय खातात मेली," एवढं सांगून कामाला लागायच्या. श्यामकांतराव मात्र पहिल्या आठवड्यात तीनदा फ्रीज पुसून मोकळे झाले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली गत. चौथ्यांदा त्यांनी फ्रीजचं दार काढलं आणि त्या संध्याकाळी हृषिकेशने ओळखलं की काहीतरी करायला हवं.

शनिवारी तो जुन्या बाजारातून एक यंत्र घेऊन आला. मुठीत मावणारा रेडिओ स्कॅनर. वर रबराची बोटभर अँटेना, पुढे आकड्यांची बटणं, दोनशे चॅनेलची स्मरणशक्ती. ऐकायचं सगळं, बोलायचं काही नाही.

"म्हणजे कान आहे आणि तोंड नाही," प्रभाताई म्हणाल्या. "हा नवऱ्याला दाखवायला आणलाय का उदाहरण म्हणून?"

हृषिकेश मात्र गंभीर होता. इथे दहा वर्षं राहून त्याला नियमांची भीती वाटायला लागली होती, ती जर्मन माणसालाही वाटत नसेल इतकी. "बाबा, नीट ऐका. पोलीस ऐकायचे नाहीत. आगीचे बंब नाहीत, विमानं नाहीत, टॅक्सी नाहीत. ते फेर्बोटेन आहे, सक्त मनाई. हौशी रेडिओवाले आपसात बोलतात ते ऐकलं तर चालतं. पण बाहेर कुणाला सांगत फिरू नका. सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी आमचा कायमच्या निवासाचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली मुलाखत आहे, परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेन्डरआम्टमध्ये. तोपर्यंत या घरातून एक तक्रार, एक कागद, एक चिठ्ठीसुद्धा पोलिसांकडे जाता कामा नये. पाच वर्षं थांबलोय आम्ही या कागदासाठी."

"कळलं," श्यामकांतराव म्हणाले.

"शब्द द्या."

"दिला."

आणि त्यांनी तो मनापासून दिला होता, हे पुढचं सगळं ऐकताना लक्षात ठेवा.

मग लग्न लागलं त्या यंत्राशी! माहितीपुस्तिका चौसष्ट पानांची, सगळी जर्मनमध्ये. श्यामकांतरावांनी तिच्यातली चित्रं तेवढी पाहिली आणि ती टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली. चार सेल भरले. आधी खरखर मारायची चकती हातात घेतली. या चकतीतच सगळी ऑपरेटरकी असते. जास्त पिळली तर खरखरीबरोबर बोलणारा माणूसही गायब, कमी पिळली तर माणूस खरखरीत बुडून मरतो. श्यामकांतरावांनी डोळे मिटून ती फिरवली, खरखर जिथे नुकतीच थांबते तिथून केसभर पुढे नेली आणि सोडली. सहा वर्षांनी हाताला काम मिळालं होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि प्रभाताईंनी ते पाहिलं तेव्हा म्हणाले, "कांदा चिरतेस वाटतं?" कांदा त्या दिवशी घरातच नव्हता.

मनाई असलेले सगळे पट्टे त्यांनी वगळले. उरलेल्यातून यंत्र आपलं आपण पुढे पुढे सरकायचं आणि आवाज लागला की थबकायचं. पहिल्या दिवशी ते थबकलं एका तान्ह्या बाळावर. कुणीतरी पाळण्याशेजारी यंत्र ठेवलं होतं आणि बाळ टाहो फोडत होतं.

"अहो, घ्या की त्याला कुणीतरी!" प्रभाताई लाटणं घेऊन धावत आल्या.

"दुसऱ्याचं घर आहे ते. ऐकायचं नाही," श्यामकांतराव म्हणाले आणि त्यांनी वगळायचं बटण दाबलं. यंत्र पुन्हा त्या बाळापाशी थांबायचं नाही. पण प्रभाताई दिवसभर घुसमटत होत्या, "झोपलं असेल का हो ते?" करत.

रबराच्या अँटेनाने फार काही लागेना. मग श्यामकांतरावांनी एकोणपन्नास सेंटिमीटरची तांब्याची तार मोजून कापली, बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला उभी बांधली, आणि सोमवारी सकाळी दहाला एकदम सात माणसं घरात आली. म्हणजे आवाज आले.

एक बाई शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेकाला हाक मारत होती. हाक मारली की तो बोलायचा, आकडे सांगायचा, थोडं हसायचा, पुढच्याकडे सोपवायचा. श्यामकांतरावांचा जर्मनच्या नावाने ठणठणपाळ, पण पद्धत? पद्धत तर त्यांच्या हाडात होती! मुख्य स्टेशन, हजेरी, वेळ, आकडा. आणि मधेच ती बाई चक्क म्हणाली, "कू-एर-का?" तिकडून उत्तर आलं, "फ्युन्फ!" म्हणजे पाच.

"प्रभा!" ते असे ओरडले की समोरच्या इमारतीतली एक खिडकी उघडली. "हे आपलेच लोक आहेत!"

त्याच दुपारी वही आली. रकाने आखले: वेळ, स्टेशन, आकडा, शेरा. नावं कळत नव्हती, म्हणून ती त्यांनी स्वतःच ठेवली. हजेरी घेणारी ती हेडबाई. एकजण सारखा खोकायचा, तो खोकला. एकजण वाक्यावाक्याला धापा टाकायचा, तो जिना. आणि एक खणखणीत, हसऱ्या आवाजाचा म्हातारा बोलायला लागला की त्याच्या मागे बदकं कलकलाट करायची, तो बदक. आकडे तर आठ दिवसांत आले. ही मंडळी तेवीसला "तीन आणि वीस" म्हणतात, हे कळल्यावर श्यामकांतराव हर्षाने उठून उभेच राहिले. "अरे, आपल्यासारखंच! आधी एकं, मग दहं. तू काय दहा वर्षं रडतोयस यांच्या आकड्यांना?" त्यांनी हृषिकेशला सुनावलं. आकडे होते रोजच्या तापमानाचे, आणि खोकल्याच्या बाबतीत बहुधा रक्तदाबाचे, कारण जर्मनीत एकशे साठ अंश होत नाही.

हे सगळे डोंगरावरच्या एका यंत्रामार्फत बोलायचे. ते यंत्र एका चॅनेलवर ऐकतं आणि दुसऱ्या चॅनेलवर तेच मोठ्यांदा पुन्हा बोलतं. श्यामकांतरावांनी एक दिवस मुद्दाम पहिल्याच चॅनेलवर स्कॅनर लावला. तिथे बाकी कुणी ऐकू येईना, पण बदक मात्र घरात बसल्यासारखं लख्ख. याचा अर्थ सरळ होता. त्यांनी शेऱ्यात लिहिलं: "बदक, अगदी जवळ. फार तर एक किलोमीटर."

असे पाच आठवडे गेले. श्यामकांतराव नऊ पन्नासला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत बसायचे. तिकडे कुणाला पत्ताही नव्हता की आपल्या हजेरीत आठवा माणूस आहे.

आणि मग त्या टेर्मिनच्या आठवड्यातला मंगळवार उजाडला.

दहा वाजले. हेडबाईने हाका मारल्या. खोकला खोकला, जिना धापला. मग बदक. उत्तर नाही. पुन्हा हाक. नाही. तिसरी. नुसती खरखर. हेडबाई काहीतरी म्हणाली, कुणीतरी हसलं, आणि ती पुढच्या माणसाकडे गेली.

पुढे गेली! श्यामकांतरावांच्या हातातलं पेन थांबलं. "अगं बाई, तीन झाल्या! माणूस पाठव!" ते स्कॅनरवर खेकसले. स्कॅनरला तोंड नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांना आकडे सांगितले, शुभेच्छा दिल्या आणि आपापली बटणं बंद केली.

"गावाला गेला असेल," प्रभाताई म्हणाल्या.

"काल सांगितलं असतं. गावाला जाणारा आदल्या दिवशी सांगतो. जिना गेला होता तेव्हा चार मिनिटं सांगत होता."

"कंटाळा आला असेल."

"कंटाळा?" श्यामकांतरावांनी वही उघडून तिच्यापुढे धरली. "पस्तीस दिवस! एक खाडा नाही. आणि बदकंसुद्धा ऐकू आली नाहीत."

प्रभाताई पोळीचं पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले. "बदकं?" त्या हळूच म्हणाल्या. "अहो, मी पोळ्या घालते ती बदकं आज वेड्यासारखी ओरडत होती. सहा पोळ्या खाल्ल्या, तरी पिशवी सोडेनात. मला वाटलं होतं, यांना कालपासून कुणी घातलेलंच दिसत नाही."

श्यामकांतरावांनी पायात बूट चढवले. मग थबकले. शब्द दिला होता. त्यांनी हृषिकेशला ऑफिसात फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"एक स्टेशन सायलेंट आहे."

"काय?"

"तीन हाका झाल्या. माणूस पाठवायला हवा. तू तिथूनच पोलिसांना—"

"बाबा!" हृषिकेशचा आवाज चिरकला. "पोलीस? त्यांना काय सांगू? माझे वडील लोकांचं बोलणं ऐकतात आणि वहीत लिहून ठेवतात? परवा टेर्मिन आहे! प्लीज. घरात बसा. कुणाच्या दाराशी जाऊ नका. तो माणूस त्याच्या मुलाकडे गेला असेल, मासे पकडायला गेला असेल, तुमचा काय संबंध? शब्द दिलाय तुम्ही."

फोन बंद झाला. श्यामकांतराव बुटांसकट सोफ्यावर बसले. एका बाजूला पोराचा पाच वर्षांचा कागद, दुसऱ्या बाजूला एक माणूस, ज्याचं नावही ठाऊक नाही. पोराचं चुकलं तरी कुठे? खरंच, काय संबंध? नसती उठाठेव. खाल्लेल्या पुरणपोळीचं घोरणं निघालं तर? पहिल्यांदा मेमो आला होता तो त्यांना एकट्याला. या वेळी तो मुलाच्या नावाने आला असता.

बारा मिनिटं ते तसेच बसले. मग न्हाणीघरात गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि सवयीने आतून विचारलं, "क्यूआरके?"

बाहेरून उत्तर आलं नाही.

ते घाईने बाहेर आले. प्रभाताई दारात उभ्या होत्या, अंगात कोट, हातात पोळ्यांची पिशवी. "उत्तर नाही आलं की कसं होतं तुमचं, ते बघत होते," त्या म्हणाल्या. "चला. तुम्ही शब्द दिलाय, मी नाही दिलेला. मी माझ्या बदकांकडे चाललेय. तुम्ही मला सोबत म्हणून या."

बाग घरापासून दहा मिनिटांवर, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी होती. फाटक वाकडं, आत सफरचंदाची झाडं, घराच्या छपरावर भली थोरली अँटेना. ती पाहून श्यामकांतरावांनी नकळत छाती पुढे काढली. पण छाती पुढे काढायची ती वेळ नव्हती. बदकं म्हणजे आपली गरीब तळ्यातली बदकं नव्हेत हो. ही कमरेएवढी, मान लांब करून फिसकारत येणारी! प्रभाताईंना त्यांनी वाट दिली. श्यामकांतरावांच्या पार्श्वभागाचा मात्र एकाने असा चावा घेतला की ते स्कॅनर डोक्यावर धरून "अगं आई गं!" करत सफरचंदाच्या झाडाभोवती दोन फेऱ्या मारून आले.

हे शेजारच्या खिडकीतून एका बाईने पाहिलं. परका माणूस, हातात अँटेनावालं यंत्र, काखेत वही, आणि शेजारच्या एबरले आजोबांच्या बागेत नाच. तिने जो फोन करायचा तो केला. तिचंही चुकलं असं म्हणता येणार नाही.

घराचं दार उघडं होतं. आत कुणी नाही, टेबलावर कालची कॉफी, वर साय. घराच्या मागे टेकडीत खोदलेलं एक तळघर होतं, जाड लाकडी दाराचं. दारावरची लोखंडी कडी आपल्या वजनाने खाली पडून अडकली होती. बाहेर एका खुंटीला टोपी टांगलेली.

श्यामकांतराव त्या टोपीकडे बघत असताना मागे गाडी थांबली. दोन पोलीस. एक तरुण, एक मिशीवाला.

श्यामकांतरावांची बोबडी वळली. डोळ्यांपुढे टेर्मिन आला, हृषिकेश आला, कायमचा कागद फडफडत उडून गेला. मिशीवाल्याने स्कॅनरकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मग वहीकडे. वहीत काय तर पस्तीस दिवसांच्या तारखा, वेळा, आकडे, आणि सगळा शेरा मोडी वळणाच्या मराठीत. एखाद्या गुप्तहेराने लाजावं!

आणि त्या क्षणी श्यामकांतरावांना पोळ्याच्या दिवसाचा खुलासा आठवला. ते ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "स्टेशन सायलेंट. थ्री कॉल्स, नो रिप्लाय. देअरफोर मॅन सेंट." मग पोलिसांना तळहात दाखवून थांबवलं, चक्क थांबवलं, दाराकडे वळले आणि चौतीस वर्षांचा सगळा घसा लावून ओरडले:

"कू! एर! का!"

बदकंसुद्धा गप्प झाली.

आणि त्या जाड दाराच्या आतून, खोलवरून, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. एक. दोन. तीन. चार. पाच.

"पाच!" प्रभाताई किंचाळल्या आणि मिशीवाल्या पोलिसाच्या दंडालाच धरून त्याला ओढू लागल्या. "अहो, बघता काय, उचला ना कडी!" मराठीतच. त्याला बरोबर कळलं.

कडी तिघांनी मिळून उचलली. आतून एबरले आजोबा बाहेर आले. पाठोपाठ आंबवलेल्या सफरचंदाचा असा भपकारा आला की बदकं दोन पावलं मागे सरली. सोमवारी संध्याकाळी मोस्टचा, म्हणजे सफरचंदाच्या घरगुती दारूचा, एक जग भरायला गृहस्थ आत गेले होते आणि वाऱ्याने दार लागून कडी पडली होती. मुलगी हांबुर्गला, फोन स्वयंपाकघरात, खिशातला रेडिओ जमिनीखाली मुका. सोळा तास. पाण्याचा थेंब नाही आणि मोस्टचं पिंप तीनशे लिटरचं! तहान लागली की काय करणार बिचारा? पाय थरथरत होते, ओठ निळे पडले होते, आणि तोंडात गाणं होतं. त्यांनी उजेडात डोळे बारीक केले, श्यामकांतरावांना पाहिलं, त्यांच्या हातातला स्कॅनर पाहिला, आणि गाणं थांबलं. मग त्या म्हाताऱ्याने श्यामकांतरावांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. श्यामकांतरावही रडले. या वेळी कांद्याचं नाव काढायला ते विसरले.

अर्ध्या तासाने हृषिकेश धावत आला. पोलिसांनी फोन केल्यावर त्याचं धाबं असं दणाणलं होतं की पासपोर्ट, पगाराच्या चिठ्ठ्या, घराचा करार, लग्नाचा दाखला, सगळ्यांची जाडजूड फाइल छातीशी धरून आला होता. घामाघूम होऊन त्याने ती मिशीवाल्यापुढे उघडली. "आम्ही सगळं कायदेशीर—"

मिशीवाल्याने फाइल हळूच बंद केली. हौशी रेडिओ ऐकायला कसलीच बंदी नाही, त्याने सांगितलं, आणि एक गोष्ट विचारली: तुमच्या वडिलांना कळलं कसं?

मग हृषिकेशला ते भाषांतर करावं लागलं. तीन हाका, उत्तर नाही, माणूस पाठवायचा. सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली गेला. घोंगडी पांघरून बसलेले एबरले आजोबा मान हलवत ऐकत होते. "द्राय माल," ते पुन्हा पुन्हा म्हणाले, तीन बोटं वर करून.  निघताना फाटकापाशी हृषिकेश म्हणाला, "बाबा, मी म्हटलं होतं तुमचा काय संबंध. सॉरी." श्यामकांतराव म्हणाले, "अरे, तू साहेब. साहेबाने मेमो काढायचाच असतो."

गुरुवारी टेर्मिन झाला. तिथल्या बाईने पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या, शिक्का मारला, झालं. स्कॅनरचं नावही निघालं नाही.

शुक्रवारी दहाला श्यामकांतराव नेहमीसारखे बाल्कनीत बसले. परतीचं विमान तीन आठवड्यांवर आलं होतं. हेडबाईने हाका मारल्या. बदक आलं, मागे बदकांसकट, आणि बराच वेळ बोलत होतं. मग हेडबाईचा आवाज जरा वेगळा झाला. तिने एकेक अक्षर चाचपत हाक मारली.

"श्याम-कांत?"

श्यामकांतराव ताडकन उठले. "हजर!" ते स्कॅनरला म्हणाले.

"श्याम-कांत?"

"हजर! हजर आहे बाई!" त्यांनी ते यंत्र हातात हलवलं, दाबलं, उलटं धरलं. त्याला तोंड नव्हतं ते नव्हतंच. एक माणूस तुम्हाला नावाने हाक मारतोय आणि तुम्हाला ओ देता येत नाही, यासारखा दुसरा छळ नाही हो!

तिसरी हाक आली. मग खरखर. हेडबाई काहीतरी पुटपुटली आणि सगळ्यांनी बटणं बंद केली.

त्यांनी पेन घेतलं. नियम तो नियम. वहीत लिहिलं: "श्यामकांत. तीन हाका. उत्तर नाही."  मग ते बराच वेळ वही मांडीवर ठेवून बाल्कनीतच बसून राहिले. प्रभाताईंनी आतून दोनदा विचारलं, "क्यूआरके?" तेव्हा कसंबसं "दोन" म्हणाले.

पाऊण तासाने दाराची घंटा वाजली. प्रभाताईंनी दार उघडलं. जिन्यात माणसंच माणसं. पुढे एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची, कडक इस्त्रीतली बाई. तिच्यामागे एकजण खोकत होता. एक जाडा गृहस्थ कठड्याला धरून धापा टाकत होता, आणि तो कोण हे श्यामकांतरावांना न सांगता कळलं. सगळ्यांत मागे हातात सफरचंदांची टोपली घेऊन एबरले आजोबा.

हेडबाईने एक कागद काढला. इंग्रजी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दिसत होतं. घसा साफ करून तिने वाचलं, "स्टेशन श्यामकांत. थ्री कॉल्स, नो रिप्लाय. देअरफोर, मेन सेंट."

चौतीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांना हाका मारल्या होत्या आणि दुसऱ्यांसाठी माणसं पाठवली होती. त्याच्यासाठी कुणी कधी माणूस पाठवला नव्हता. श्यामकांतरावांनी तोंड उघडलं, आणि नदीपलीकडे पोचणारा तो आवाज दारातल्या दारात अडकला.

"कू-एर-का?" एबरले आजोबांनी मागून विचारलं.

 श्यामकांतरावांनी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने ठोकलं. एक. दोन. तीन. चार. पाच.

"अहो, आत तरी घ्या त्यांना," प्रभाताई डोळे पुसत म्हणाल्या. "घरात कप सहाच आहेत. तुम्ही चहा वाटीतून घ्या."